चौथ्या सरदाराचा चेहरा

सोमवार, ५ जून १९७८. सकाळी ७.
एजंटचा फोन आला. टीव्हीवर नवी मालिका. डोंगराखाली हजार वर्षं झोपलेला राजा इंग्लंडवर संकट आलं की उठेल, अशी जुनी दंतकथा आहे ना, तीच. फक्त यात डोंगर म्हणजे परग्रहावरून आलेलं यान. मी राजाचा चौथा सरदार. सरदार एकूण चारच, म्हणजे पहिल्या चारांत आलो.

बायको, ग्लेनिस, चहा ओतता ओतता म्हणाली, "लायनेल, अठरा वर्षं झाली. पडद्यावर तुझी मान आली, कोपर आलं, एकदा कोर्टाच्या सीनमध्ये अर्धा कान आला. या वेळी चेहरा दिसला नाही तर डेरिककडे कामाला लागायचं." डेरिक म्हणजे तिचा भाऊ, क्रॉयडनला गालिच्यांचं दुकान. मी हसत हसत कबूल केलं. ग्लेनिस हसली नाही.

संकल्प: बिस्किटं बंद. जबड्याची रेषा दिसली पाहिजे.

मंगळवार, ६ जून.
शूटिंग सरेमधल्या एका खडीच्या खाणीत. टीव्हीच्या कुठल्याही मालिकेत परग्रह आला की तो याच खाणीत येतो. हेल्मेट भव्य, चेहऱ्यावर उघडझाप करणारी झडप. सध्या झडप बंद. घाम फार. पण बंद झडपेतूनही डोळ्यांनी अभिनय केला. बाकीचे तीन सरदार नुसते उभे होते.

चहाबरोबर दोन बिस्किटं. खाणीत थंडी असते, तिथे संकल्प लागू नाही.

गुरुवार, ८ जून.
ऐतिहासिक दिवस. दिग्दर्शक मिस्टर फॅनशॉ स्वतः माझ्याशी बोलले.

आमच्या धंद्यात दिग्दर्शक एक्स्ट्राशी थेट बोलत नाही. जे सांगायचं ते सहायकाकरवी. थेट बोलला तर युनियनच्या नियमाने तो माणूस एक्स्ट्रा राहत नाही, वरच्या पायरीवर जातो. म्हणून शहाणे दिग्दर्शक आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आणि आज मिस्टर फॅनशॉ मोठ्याने म्हणाले, "अहो उंच गृहस्थ, जरा मागे सरा."

सहायक मिस टॅपस्कॉटला जाऊन सांगितलं, माझी पायरी बदला. ती म्हणाली, "ते तुम्हाला नव्हतं, लायनेल. मागे दिवेवाला उभा होता." दिवेवाला पाच फूट दोन इंच आहे. पण मी वाद घातला नाही. मागे सरायला त्यालाच सांगतात ज्याच्यामुळे बाकीचे झाकले जातात. माझं मला कळलं.

सोमवार, ३ जुलै.
स्टुडिओच्या दिवसाचा कागद टपालाने आला. एक्स्ट्राला स्क्रिप्ट देत नाहीत. किती वाजता यायचं आणि काय घालायचं, एवढाच कागद. त्यात शुक्रवारपुढे स्पष्ट टाइप केलंय: "चौथा सरदार. झडप उघडणे. क्लोज-अप."

तीनदा वाचलं. ग्लेनिसला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि म्हणाली, "खरंच की." अठरा वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल काढलेले हे सर्वांत गोड शब्द. संध्याकाळी आपणहून माझ्यासाठी तांदळाचं पुडिंग केलं. डोळे भरून आले. पुडिंग म्हणजे बिस्किट नव्हे.

डेरिकला फोन करून दुकानाला स्वच्छ नकार दिला. तो म्हणाला, "बघू या की. जागा ऑक्टोबरपर्यंत ठेवतो." लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

बुधवार, ५ जुलै.
आरशासमोर तालीम. हजार वर्षांनी झडप उघडल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय असेल? दुःख, स्वामिनिष्ठा, थोडी झोप. ग्लेनिसला विचारलं, काय दिसतंय. ती म्हणाली, "दात दुखतोय का?" उद्या दुःख कमी करणार, झोप वाढवणार.

शुक्रवार, ७ जुलै. संध्याकाळी, स्टुडिओच्या कँटीनमध्ये.
थोडा गोंधळ. लिहून काढलं म्हणजे सुटेल.

सकाळी कपडेपटाने मला कापडी टोपी दिली. डोकं, तोंड, मान सगळं झाकणारी, डोळ्यांवर फक्त जाळी. गर्द निळी. हेल्मेट घासून मेकअप बिघडू नये म्हणून असणार. बाकी कुणाला दिली नाही, यावरूनच काय ते कळतं.

दुपारी दिवेवाल्याने (तोच, पाच फूट दोन) हल्लीची गंमत सांगितली. म्हणे निळा रंग असेल तिथलं सगळं मशीन पुसून टाकतं आणि त्या जागी दुसरं चित्र चिकटवतं. "ज्यांनी निळं घातलंय ते गेलेच," म्हणाला आणि माझ्याकडे बघून गोड हसला. मी अंगावरचा शेला तपासला. तांबडा. हायसं वाटलं.

चारला माझा सीन. नायिका पुढे आली, झडप उघडली, आत बघून किंचाळली. मी टोपीच्या आत संपूर्ण दुःख आणि बेताची झोप दाखवली. तालीम उत्तम झाली. आता टोपी काढून खरा शॉट, म्हणून मी तिचे बंद सोडायला लागलो, तर मिस टॅपस्कॉट म्हणाली, "राहू द्या, झालं. चहा." मी म्हटलं, आणि माझा चेहरा? तिने माझा शेला सरळ केला. मग म्हणाली, "तुम्ही फार छान उभे राहता, लायनेल." बिचारी दमली होती.

खरा क्लोज-अप अर्थात वेगळ्या दिवशी. त्याला शांतता लागते.

सोमवार, २१ ऑगस्ट.
फोन नाही. सहा आठवडे घराबाहेर फारसा पडलो नाही. गवत गुडघ्यापर्यंत. ग्लेनिस म्हणाली, "तूच का नाही विचारत?" मोठे नट विचारत नसतात.

त्याच रात्री, अंथरुणात.
उलगडलं. त्या दिवशी चहाच्या वेळी मी टोपी काढून सँडविच खात होतो, तेव्हा एक कॅमेरा माझ्याकडे तोंड करून उभा होता. मिस्टर फॅनशॉसारखे लोक नटाला कळू न देता टिपतात, म्हणजे भाव नैसर्गिक येतात. सँडविच काकडीचं होतं. चेहरा प्रसन्न आला असणार.

शुक्रवार, २९ सप्टेंबर.
उद्या सव्वासहाला टीव्हीवर माझा भाग. सासूबाई कार्डिफहून आल्या. शेजारचे मिस्टर आणि मिसेस बोडकिन येणार. डेरिक येणार. मीच बोलावलं. ग्लेनिसने हळूच विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. तिने माझा निळा शर्ट इस्त्री केला आणि केक भाजला. तिलाही वाटायला लागलंय, हे मला दिसतं. तिच्यासाठी तरी हे व्हायला हवं.

शनिवार, ३० सप्टेंबर. रात्री ८.
सव्वासहाला सुरू. साडेसहाला माझी पाठ. बोडकिन म्हणाले, "वा." मी म्हटलं, थांबा.

सहा पस्तीसला नायिका माझ्यापाशी आली. ग्लेनिसने माझा हात धरला. झडप उघडली.

आत चांदण्या होत्या. हेल्मेटात डोकं नाही, नुसतं काळं आकाश आणि चांदण्या, खूप लांबपर्यंत. मिसेस बोडकिन किंचाळल्या. सासूबाईंच्या हातातली बशी कलंडली. बोडकिन म्हणाले, गेल्या दहा वर्षांत टीव्हीवर एवढं भयंकर काही पाहिलं नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. सासूबाईंनी विचारलं, "तू पुढे येणार का रे?"

डेरिक काहीतरी बोलणार होता. ग्लेनिस म्हणाली, "डेरिक, केक घे." आणि त्याला भला मोठा तुकडा दिला. माझा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही. मला रडू येत होतं. खोकला काढला.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. क्रॉयडन. जेवणाची सुट्टी.
जिन्याच्या गालिच्यांचा विभाग माझ्याकडे. गिऱ्हाईक समोरून येतं, त्यामुळे चेहऱ्याला बऱ्यापैकी वाव. संकल्प: डिसेंबरपर्यंत अख्खा मजला.

सकाळी एक बाई आल्या. गप्पांत ती मालिका निघाली. म्हणाल्या, ते हेल्मेट उघडतं ना, त्या रात्री आमच्या घरात कुणी दिवा मालवू दिला नाही. मी गालिचा खाली ठेवला. म्हटलं, बाई, ते मी होतो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"काहीतरीच काय," म्हणाल्या. "त्यात कुणी नव्हतं." आणि सहा यार्ड तपकिरी मागितला.