शबनम टॉकीजचा बायकांचा जिना

५ जाने., सोम.
संभाजीनगरहून फोन. पुरातत्त्वच्या मॅडम शुक्रवारी शबनम टॉकीज बघायला येणार, वारसा यादीसाठी. यादीत नाव लागलं तर टॉकीज वाचली. नाहीतर मालकाचे नातू पाडून गाळे काढणार, नकाशा तयारच हाय. शमीमला लगेच कळवलं. शाळेपासूनची मैत्रीण, तरी बोलणं कसं: "देखने आ रहे ना? फिर रोती कायकू?" रडत नव्हते. बरं, थोडी.

८ जाने., गुरु.
अंगाची लाही लाही झाली. समितीत आम्ही तिघंच. मी, शमीम आणि यांचे मित्र बाबाराव भाऊजी. पाय मुरगळला म्हणून मी घरी बसले, तेवढ्यात भाऊजींनी टॉकीज रंगवून घेतली. काळा दगड गुलाबी! ऑइलपेंट! दारावरची उर्दू अक्षरं गुडूप. वर मलाच विचारतात, "वैनी, पाव्हणे येनार म्हनल्यावर घर रंगवत न्हाई का आपन?"
जुनं दाखवायलाच बोलावलंय हो त्यांना... माणूस मनानं चांगला, म्हणून भांडताही येईना. जेवले नाही.

९ जाने., शुक्र.
मॅडम तरुण, बोलणं मोजकं. भिंतीला बोट लावलं, बोट गुलाबी. कुठल्या काळातलं बांधकाम, म्हणाल्या. भाऊजी खाली बघायला लागले. मला वाटलं, संपलं.
शमीमनं मॅडमचा हात धरला न् बायकांच्या जिन्यानं वर नेलं, जनान्यात, बायकांच्या बाल्कनीत. मी लंगडत मागं. वर रंगाचा टिपका नाही! काळा दगड, लोखंडी दांडी, कप्प्या, विरलेला हिरवा पडदा, सगळं जिथल्या तिथं. भाऊजींनीच रंगाऱ्यांना अडवलं होतं. बायकांचा जिना, पुरुषांनी कशापायी चढायचा, म्हणून. टॉकीज बंद पडून जमाना झाला, तरी!
मॅडमना सांगितलं, दिवे लागले की हा पडदा पडायचा, अंधार झाला की उघडायचा, खालच्यांना वर कोण बसलंय दिसू नये म्हणून. पुढचं आपोआप तोंडून गेलं: "घरात माझी आई कधी हसली नाही. इथं अंधारात मोठ्यानं हसायची."
त्यांनी दोरी ओढली. कप्पी करकरली, पडदा वीतभर सरकला. पहिल्यांदा हसल्या.

१४ जाने., संक्रांत.
मॅडमचा फोन. जनान्याचे फोटो लावून प्रस्ताव वर पाठवलाय. निर्णय होईस्तोवर हात लावायचा नाही, असं नातवांना कळवलंय. पक्कं काहीच नाही, पण किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला. रंग मॅडमची माणसं काढणार. भाऊजींनी खरवडायला घेतलं होतं, थांबवलं.
दुपारी तिघं टॉकीजमध्ये तीळगूळ घेऊन. शमीम आणि मी वर. भाऊजींना हाक मारली, या की वर, आता कोण बघतंय.
"न्हाई वैनी, जनाना हाय."
शमीमनं पडदा सारला. खाली सगळ्या खुर्च्या रिकाम्या. भाऊजी पहिल्या रांगेत एकटेच तीळगूळ खात बसलेले, मान वर न करता.