समुद्र दिसतो, गिऱ्हाईक टिकत नाही

ती. ताईस,

इथूनच वाकून नमस्कार (याहून जास्त वाकलं की उसण भरते). तुझा रक्तदाब आणि भावोजी, दोघेही ताब्यात असतील अशी आशा.

तर, डोंगरावरचं घर विकायला काढलंय. हिचे गुडघे संपले, आणि चौऱ्याऐंशी पायऱ्यांतली एकही कमी व्हायला तयार नाही. डॉक्टरांनी सपाट जागी राहायला सांगितलं, हिने ते मनावर घेतलं आणि मी, नवरा असल्यामुळे, मान डोलावली.

जाहिरात दलालाने लिहिली: ‘आधुनिक घर, प्रत्येक खोलीतून अथांग समुद्र.’ (न्हाणीघरातून दिसतो, फक्त बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहावं लागतं.) मग घर बघून म्हणाला, इथे कोणीतरी राहतं असं वाटतंय. बारा वर्षं राहतोय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. बाबांचा फोटो, माझी आरामखुर्ची, हिची गुडघ्याच्या तेलाची बाटली, सगळं माळ्यावर कोंबलं आणि एक पांढराशुभ्र सोफा आणून ठेवला. त्यावर बसायची आम्हाला बंदी आहे. सध्या आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. एका दातांच्या डॉक्टरांनी लाटांचा आवाज कमी करता येतो का विचारलं. एक बाई काचेच्या भिंतीत स्वतःचे केस नीट करत राहिल्या, पलीकडे समुद्र ताटकळला. परवा मात्र एक तरुण जोडपं अगदी घ्यायच्याच तयारीने आलं. दलालाने मला गप्प बसायची खूण केली. पण आपल्या घराण्यात खोटं बोलत नाहीत. मी सांगितलं, खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या वर्षात गंजतात, गच्ची गळते, आणि फ्रिज वर आणणाऱ्या चौघांपैकी एक अजून कमरेला पट्टा बांधतो. उतरताना ते दोघं मोठ्याने पायऱ्या मोजत होते. दलाल आता माझा फोन उचलत नाही, आणि ही कामापुरतंच बोलते. यात माझं काय चुकलं, तूच सांग.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. जागा बाबांची, म्हणून विक्रीला तुझीही सही लागते. करू नकोस. चष्मा हरवला म्हण, हात मोडला म्हण. सकाळी चहा घेऊन त्या खिडकीशी उभा राहिलो की मला आणखी काही नको असतं, ताई. हिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा (अक्षर माझं). वन्सं, नमस्कार. हे पत्र पेटीत टाकायला ह्यांनी मलाच खाली पाठवलं. बेचाळिसाव्या पायरीवर मला बसावंच लागतं. बसल्या बसल्या पाकीट उघडून वाचलं. चष्मा सांभाळा. सहीचे कागद उद्या तयार होतील, ते टाकायला ह्यांनाच खाली पाठवते.