तांदळातलं नाव

मंगळवार, संध्याकाळ

जर्मनीचं वर्क परमिट आज पुन्हा अडलं. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर मी शैला, लग्नानंतर काढलेल्या आधारवर आणि त्यावरून निघालेल्या पासपोर्टवर मानसी. दोघी एकच, याचा पुरावा शुक्रवारपर्यंत दिला नाही तर तिथली नोकरी गेली.

एजंट म्हणाला, "ताई, नाव बदलल्याचा कागुद न्हाय व्हय?"

कागद कुठला? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'मानसी' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी का गप्प बसले? सरकारी गॅझेटात नावबदल छापून यायला आता महिना लागेल.

घरी येऊन सासूबाईंकडे त्या ताटाचा फोटो मागितला. तांदळांतलं नाव तरी दिसेल.

"फोटू कुठला, पोरी? त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात केलता की."

हो. मी दोनदा मागून घेतला होता.