लॅपटॉपचा उपास

पोलादपूर
दि. १८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादांच्या पायांवर डोके ठेवून चांगदेवचा नमस्कार. वि. वि.

आवाज परत येण्याची आशा धरू नका, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे स्नेहलने फोनवर कळवले. घशातली गाठ निघाली, तुम्ही लेकीकडे महाडला सुखरूप आहात, हे मोठे. बोलण्याचे म्हणाल तर घरात तसेही तुळजावहिनी बोलत आणि तुम्ही ऐकत. त्यात फार फरक पडू नये. फोनवर तुम्हाला हुं सुद्धा म्हणता येत नाही आणि मोबाइलवर तुमच्या एका अंगठ्याखाली तीन अक्षरे जातात, म्हणून हा कागदाचा मार्ग. ओंकार जावई रोज महाडहून इथल्या शाळेत येतात. त्यांच्या डब्याच्या पिशवीतून पत्रांची ये-जा होईल.

आता मुद्द्याचे. काल वाडीत बैठक झाली. शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात परत बसते तेव्हाचे गाऱ्हाणे यंदा कोण घालणार, असे गोमाजीने विचारले. आपल्या घरातल्या थोरल्याने दिवसभर उपास धरायचा, वाघजाईपुढे उभे राहून गावाचे मागणे मोठ्याने सांगायचे आणि दर मागण्याला गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, हे आजोबांच्याही आधीपासूनचे. थोरला हयात असता धाकट्याने तोंड उघडायचे नाही, आणि थोरल्याला जमले नाही तर मान खालच्या वाडीला, म्हणजे गोमाजीच्याच घरी जायचा, असे जुन्या माणसांचे ठरलेले. गोमाजीने हे इतक्या जड चेहऱ्याने सांगितले की ऑपरेशन त्याचेच झाले असावे.

मी उभा राहिलो. म्हटले, गाऱ्हाणे दादाच घालणार. शब्द दादांचे, फक्त घसा कॉम्प्युटरचा. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर असते, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. मला होते. बारावी नापास माणसाला हे कोणी शिकवले नाही. रात्री जागून, बोटे पोळून शिकलो. भल्याभल्या पदवीधरांचा प्रिंटर अडला की ते माझ्या दुकानाची पायरी चढतात, हे तुम्ही जाणताच.

तरी गाऱ्हाणे कागदावर उतरवून धाडावे. अक्षर सुटे काढावे. धाकट्यावर लोभ आहेच, तो घशाच्या औषधाबरोबर रोज घेत जावा.

आपला
चांगदेव

महाड
ता. २२ फेब्रुवारी

चि. चांगू यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

दुकानाच्या पाटीवर तू चांगदेव असलास तरी मी चांगूच लिहिणार. तुझ्या पत्रावर आमटीचा डाग होता. जावयाला परवा कुळथाचं पिठलं होतं म्हणावं तर रंग वेगळा दिसला. स्नेहलला विचारलं तर म्हणते, बाबा, पत्र वाचा, डबा नको.

गाऱ्हाणं मी आजवर लिहिलं नाही. देवीपुढं उभं राहिलं की तोंडात येतं. लिहायला बसलो तर लाज वाटायला लागली, आपण बाईमाणसासारखे देवीकडं किती रडतो. हे तुझी वहिनी मागून वाचत होती, तिनं पाठीत बुक्की घातली. तेव्हा ते वाक्य मागे घेतो.

सोबत कागद आहे. डुकरांनी नाचणी ठेवावी, माकडांनी फणस ठेवावेत, मुंबईच्या पोरांना पोरी मिळाव्यात, हे नेहमीचं. एक मागणं मात्र मी तळीये दरडीखाली गेलं त्या सालापासून घालतो. आमचा डोंगर जागच्या जागी ठेव. त्या जुलैपासून पावसाचा जोर वाढला की वाडीत कोणी आडवं होत नाही, भिंतीला टेकून बसतात. तू पोलादपुरात झोपतोस, तुला ठाऊक नसेल. बाकी काय वाटेल ते गाळ, ही ओळ गाळू नको.

आणि तुझ्या यंत्राला सांग, गाव व्हय म्हणेपर्यंत थांबायचं. घाईच्या माणसाचं काम नव्हे हे.

सौ. चंद्रभागेस आशीर्वाद. तिच्या हातची घावनं गिळता येतील तेव्हा येईन.

भागोजी

पोलादपूर
दि. ४ मार्च

ती. दादांच्या चरणी चांगदेवचा साष्टांग दंडवत. वि. वि.

आवाज बसला. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये नीट बसला, तुमच्यासारखा नव्हे. कसा ते सविस्तर सांगतो, कारण अशी कामे आपोआप होतात असा लोकांचा समज आहे.

लॅपटॉपमध्ये आधीपासून हिंदी आवाज होता. त्याला गाऱ्हाणे दिले तर नारळाचा त्याने ‘नारल’ केला. देवीपुढे नारल ठेवणाऱ्याचे काय होते ते सांगायला नको. मग मराठी पुरुषाचा आवाज शोधला. भारदस्त, थेट आपल्या वडिलांसारखा. पण तो इंटरनेटवरून येतो, आणि वाडीत इंटरनेट पिंपळाच्या तिसऱ्या फांदीवर येते. तिसरा आवाज फुकटातला; तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बोलतो. शेवटी इंटरनेटशिवाय चालणारा चांगला मराठी आवाज मिळाला, तो बाईचा.

चंद्रभागा ऐकून इतकी हसली की तवा करपला. म्हणते, पाण्याचं गाऱ्हाणं बापयांनी घालायचं नि पाणी बायांनी आणायचं, इतकी वर्सं असंच चाललं. यंत्रातली का व्हईना, एक बाई देवीशी बोलतेय ती बोलू दे. मी तिकडे लक्ष न देता आवाजाची पट्टी खाली ओढली. फार ओढली तर बाई रांजणात डोके घालून बोलते, कमी ओढली तर बँकेतून फोन आल्यासारखे वाटते. मधली जागा सापडायला आठवडा गेला. आता तो आवाज धड बाईचा नाही, धड बुवाचा नाही. देवीला चालावा.

तुम्ही म्हणता ते थांबणेही शिकवले. दर मागण्याच्या पुढे थांबण्याची खूण घातली आहे, तिच्यापाशी यंत्र गावाची वाट पाहते. चाचणीसाठी त्याला माझे हे पत्र वाचायला दिले. ‘वि. वि.’पाशी ते दोनदा असे अडकले की उचकी लागली असे समजून चंद्रभागेने पाणी आणले.

जिव्हाळा आहे तसा राहू द्यावा, ही विनंती सेटिंगमध्ये कायमची करून ठेवली आहे.

चांगदेव

महाड
ता. ६ मार्च

चि. चांगू, सुखी राहा, थोडा कमी शहाणा हो.

स्नेहल म्हणते, एवढा खटाटोप कशाला, यंत्राचं बोलणं मोबाइलवर एकदा टेप करून ठेवा नि त्या दिवशी बटण दाबा. मला पटलं. तुला पटणार नाही हेही ठाऊक आहे. तुझ्या तालमीत कोणी दुसऱ्यानं सुचवलेलं चालत नाही, लहानपणी पतंगाच्या बाबतीतही नाही चाललं.

रंगपंचमीला पालखी बसते, त्या दिवशी सकाळच्या एसटीने येतो. उपास मी धरणारच. तेवढ्याला आवाज लागत नाही.

भागोजी

पोलादपूर
दि. ११ मार्च

ती. दादांस, घरातल्या सर्वांच्या वतीने वाकून नमस्कार. वि. वि.

टेपची कल्पना मला सर्वांत आधी सुचली होती आणि मीच ती फेटाळली. टेप म्हणजे शिळे. माझे यंत्र जागेवर ताजे वाचते, आणि अखेरच्या क्षणापर्यंत दुरुस्ती करता येते.

दुरुस्तीचेच सांगायचे आहे. परवाच्या बैठकीत मी गाऱ्हाण्याच्या छापील प्रती वाटल्या. इतकी वर्षे तुम्ही बोललात, वाऱ्यावर गेले, कोणी हरकत घेतली नाही. कागद हाती आल्याबरोबर प्रत्येकाच्या खिशातून पेन निघाले. कोणाला टॉवर हवा, कोणाला पोराला एमआयडीसीत कायमची नोकरी. माकडांचा बंदोबस्त म्हटल्यावर मारुतीचे भक्त उठले. तिथे आता ‘वानरसेनेला सुबुद्धी दे’ असे आहे. गाऱ्हाणे दीड पानाचे सहा पानी झाले.

गोमाजीचे दोन आक्षेप होते. पहिला डोंगराच्या ओळीवर. त्याने उतारावरची जागा प्लॉट पाडून विकायला काढली आहे आणि मुंबईची पार्टी शिमगा बघायला येणार आहे. त्यांच्यासमोर गाव डोंगर जागेवर ठेव म्हणून ओरडला तर जागा कोण घेईल, म्हणतो. मी मार्ग काढला. ती ओळ आता ‘निसर्ग प्रसन्न ठेव’ अशी आहे. अर्थ तोच, भाषा वरच्या दर्जाची.

दुसरा आक्षेप कठीण होता. गोमाजी म्हणाला, यंत्राला सुयेर नाय, सुतक नाय, उपास नाय, ते देवीपुढं काय तोंड उघडनार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटले, उपास धरील. रंगपंचमीला पहाटे सर्वांसमोर लॅपटॉपची वायर काढीन; गाऱ्हाणे होईपर्यंत त्याच्या पोटात विजेचा कण जाणार नाही. गोमाजी म्हणाला, उपासकरी दिवसाचा झोपत बी नाय. तेही मान्य केले. लॅपटॉप आपोआप झोपतो ती सोय बंद करून टाकली. दिवसभर डोळे उघडे ठेवून देवळात बसेल.

मानाची काळजी सोडावी आणि कृपादृष्टी चालू ठेवावी, ती झोपू देऊ नये.

चांगदेव

महाड
ता. १३ मार्च

चांगू,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. निसर्ग कोण? मी त्याला ओळखत नाही. डोंगराला ओळखतो, त्याच्या पोटाखाली आपली घरं आहेत. गोमाजीला प्लॉट विकायचे तर विकू दे, देवीला फसवून नको. ती ओळ होती तशी परत घाल. नाहीतर मान खुशाल खालच्या वाडीला दे, मी येत नाही.

भागोजी

पोलादपूर
दि. २१ मार्च

ती. दादांस, तोंड न दाखवता नमस्कार. वि. वि.

तुम्ही परवा देवळातून थेट एसटीला गेलात, म्हणून जे घडले त्याचा खुलासा लेखी करतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष नव्हता. आवाज, पट्टी, थांबणे, सर्व बिनचूक होते. पालखी मात्र दरसाल दुपारी येते ती यंदा दिवेलागणीला आली, कारण मुंबईच्या पार्टीला फोटो काढायचे म्हणून गोमाजीने ती आपल्या अंगणात दोनदा नाचवली. पहाटेपासून उपाशी, डोळे उघडे, असा लॅपटॉप तोवर बसून होता. माणूसही टिकला नसता.

तुमची ओळ मी परत घातली होती. पण गोमाजीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून अगदी शेवटी, सहाव्या पानावर. ही चूक माझी नव्हे, धोरण होते. पण ते फसले हे मान्य.

सुरुवात किती छान झाली, तुम्ही पाहिलेच. पहिल्या वाक्याला पोरे फिदीफिदी हसली, दुसऱ्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, यंत्र अदबीने थांबले. वानरसेना झाली, टॉवर झाला, आणि एमआयडीसीच्या दारात पडदा काळा झाला. मी सगळी बटणे दाबली. वायर तर तुमच्या नवसाच्या घंटेला बांधून ठेवली होती, कोणी चोरून लावू नये म्हणून. गोमाजी घसा खाकरून पुढे सरकला. तेव्हा, खरे सांगतो, मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

आणि तुम्ही हात वर केलात. ओठ हलले, आवाज काही नाही, आणि थांबलात. त्या थांबण्याला बायकांतून आधी ‘व्हय म्हाराजा’ आले. चंद्रभागाच होती, घरी नाकबूल करते. मग सगळा गाव. पुन्हा ओठ, पुन्हा गाव. मग तुमचा हात देवळामागच्या डोंगराकडे गेला, आणि बिथरलेल्या बैलाला थोपटून खाली बसवावे तसा पंजा हळूहळू खाली आला आणि तिथेच राहिला. मी गोमाजीच्या शेजारीच होतो. पार्टीच्या माणसाने त्याला विचारले, काका, हे काय मागतायत? गोमाजीने एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा त्याच्या खालच्या आपल्या कौलांकडे, आणि असा ‘व्हय म्हाराजा’ घातला की पार्टी दोन पावले मागे सरकली. बाकीचा गाव त्याच्यानंतर म्हणाला.

मान आपल्या घरी राहिला. पण प्रकरण संपलेले नाही. काल पुन्हा बैठक झाली. टॉवरवाला म्हणतो दादांनी टॉवर मागितला, नोकरीवाला म्हणतो नोकरी, ज्याने त्याने आपले ऐकले. शिवाय असे ठरले की पुढच्या वर्षापासून लॅपटॉप देवीपुढे मांडायचा, हळदकुंकू लावायचे, उपास धरायला लावायचा, पण चालू करायचा नाही. रीत पडली म्हणतात. सॉफ्टवेअरला कोणी हात लावायचा नाही, हे माझ्या तोंडावर सांगितले. आणि गोमाजी म्हणतो, लॅपटॉप हातावर धरून उभे राहण्याचा मान खालच्या वाडीला पाहिजे.

यावर काय करावे ते कळवावे. तसेच त्या वेळी नेमके काय मागितलेत ते लिहून धाडावे, म्हणजे टाइप करून जपून ठेवतो. राग असल्यास निम्मा ठेवावा.

चांगदेव

महाड
ता. २४ मार्च

चि. चांगदेव यास,

या खेपेला पूर्ण नाव लिहिलं, पाटीवर लावायला हरकत नाही. आशीर्वाद मागच्या पत्रातले राहिले होते, ते धरून दुप्पट.

काय मागितलं ते लिहिणार नाही. लिहिलं की दुरुस्त्या येतात. एवढंच सांगतो, निम्मा वेळ मला शब्दही आठवत नव्हते, उपाशी पोटी नुसते ओठ हलत होते. तरी तुम्ही व्हय म्हणत होतात. इतक्या वर्षांत मी बोलायचो त्या गडबडीत गावाचा आवाज नीट ऐकलाच नव्हता. चांगला आहे. पट्टी बदलायला नको.

तुझं यंत्र वाईट नव्हतं. थांबायला छान शिकलं होतं, ते तू शिकवलंस, हे विसरत नाही. तुझी वहिनी म्हणते, तो बाईचा आवाज मोबाइलवर घालून द्या, मला घरात उत्तर द्यायला कोणीतरी पाहिजे. तेवढं करून ओंकाररावांच्या पिशवीतून पाठव, डब्यापासून लांब ठेव.

गोमाजीचं म्हणशील तर लॅपटॉप धरायचा मान त्याला खुशाल दे. दिवसभर हातावर घेऊन उभा राहू दे.

चार्जर मात्र आपल्या घरात ठेव.

तुझा
दादा