शेजारच्या टेबलावरचा गारठा

३ मार्च
ताईने पुन्हा नियम मोडला! "तुमची चिप तापली की सांग गं, माझे दोन ड्रेस इस्त्रीचे राहिलेत." दोघी एका घरात राहतो आणि मोबाइलचे प्रोसेसर बनवणाऱ्या दोन वैरी कंपन्यांत चिपच्या चाचणीचं काम करतो. म्हणून जेवताना चिपचा विषय काढायचा नाही — नियम माझा.
मी म्हटलं, तुमची थंड राहते, कारण ती कामच करत नाही. एकदाच म्हटलं.

६ मार्च
एक मोठी फोन कंपनी नव्या फोनसाठी चिप निवडते आहे. आमची नाहीतर ताईच्या कंपनीची. साहेब म्हणाले, हे काम गेलं तर आपली चाचणीची खोली बंद. खोली म्हणजे मी आणि दोघे जण. बाकी यंत्रं.

१० मार्च
दोन्ही चिपांचे फोन. एकच गेम, अर्धा तास. तापल्यावर वेग किती घटतो ते मोजायचं. त्यांचा बारा टक्के. आमचा नऊ! खोलीचं तापमान चोवीस अंश. दहा वेळा मोजलं. साहेबांनी स्वतः चहा आणला — हे पहिल्यांदाच.

१४ मार्च
अहवाल तयार. सोमवारी सही करून फोन कंपनीला पाठवायचा.

१५ मार्च
ताईने माझा स्वेटर धुवायला काढला. एवढ्या उन्हात हा कशाला लागतो, म्हणाली. मी सांगितलं, आमच्या खोलीत गारठा असतो.
"तुला गारठा लागतो, आणि तुमच्या चिपला नाही वाटतं?"
हसत आत गेली. मला चाचणीची खोली आठवली.
तापमापक माझ्या टेबलावर. त्यांचा फोनही तिथेच. आमचा फोन शेजारच्या मोठ्या टेबलावर, बरोबर एसीच्या झोताखाली. त्याच्यावर नजर ठेवत मीही त्या मोठ्या टेबलापाशीच बसते. स्वेटर घालून. तीन महिने!

१७ मार्च
सगळ्यांच्या आधी पोचले. तापमापक मोठ्या टेबलावर ठेवला — सतरा अंश. आमचा फोन माझ्या टेबलावर आणून तीनदा मोजलं. चौदा टक्के. चौदा. चौदा.
साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग विचारलं, हे उद्या, मंगळवारी लक्षात आलं असतं तर चाललं नसतं का? मी म्हटलं, सही माझी आहे. म्हणाले, "पाठव बाई. सगळं लिही, एसीसकट."
लिहिलं. हात गार होते. स्वेटर दोरीवर.

२१ मार्च
ताईला काहीच सांगितलेलं नाही. तिच्याच चेष्टेने तिची कंपनी जिंकणार, हे कळलं तर जन्मभर ऐकवेल.

२८ मार्च
निकाल लागला. आमची नाही. ताईच्या कंपनीचीही नाही! फोन कंपनी स्वतःच चिप बनवणार आहे. ताई घरी येऊन बॅग न उतरवताच सोफ्यावर बसली. आज इस्त्रीचं नाव नाही. मीच तिचे दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले.

३१ मार्च
फोन कंपनीचं पत्र आलं. एसीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला म्हणे. त्यांच्या नव्या चाचणी विभागाचं प्रमुखपद — मुलाखतीला या.
जागा एकच. ताईलाही बोलावलं आहे.
जेवताना दोघी गप्प. नियम पहिल्यांदाच पाळला गेला.