अप्पांचा डावा हात

रविवार, संध्याकाळ. बसवनगुडी.

अप्पांनी आज पिकअपची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली. दोन वर्षं मागत होतो.

गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांना स्टिअरिंगखाली शिरता येत नव्हतं, तरी ती जुनी गाडी सोडवत नव्हती. शेवटी मीच बोम्मसंद्राच्या गॅरेजमध्ये वर उचलता येणारं स्टिअरिंग बसवून घेतलं. सकाळी अप्पा ते उचलून आरामात आत बसले. शेजारच्या अक्कांना हाक मारून दाखवलंसुद्धा. मग त्यांनी क्लच दाबला आणि डावा हात स्टिअरिंगखाली गेला, जिथे चाळीस वर्षं गिअरचा दांडा होता. नव्या स्टिअरिंगमुळे आता तो दांडा खाली पायांपाशी आलाय.

"अप्पा, खाली."

"हो हो, सरी."

पुन्हा हात हवेतच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी हसलो, अक्काही हसल्या. का हसलो मी? अप्पा उतरले, म्हणाले, "तूच चालव रे आता."

मेकॅनिकने विचारलं होतं. "सर, स्वल्प थांबा, गिअरचा दांडा नव्या स्टिअरिंगलाच जोडून देतो, आठवडा लागेल." मी नको म्हणालो. घाई कसलीच नव्हती. तो हात कुठे जाणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आत्ता बाहेर अप्पा आत्याला फोनवर सांगताहेत, माझ्या गुडघ्यांसाठी पोराने केवढं केलं बघ. फोन उजव्या हातात आहे. डावा मांडीखाली दाबून ठेवलाय.