पाचवा ठोकळा

पवनी,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. रुखमिणीस,
आनंदरावाचे आशीर्वाद. धान घरात आले. तुझ्या जाऊबाईंची साखर आटोक्यात आहे. बपेऱ्याला तुझ्या भावाकडे क्षेम असेल, असे धरून चालतो. भासऱ्याने धाकट्या भावाच्या पत्नीला थेट लिहिणे आपल्या रिवाजात बसत नाही. परंतु ज्याच्यामार्फत निरोप द्यायचा, तो माझा भाऊ जागेश्वर आता नाही.

पॉलिटेक्निकात मी एकतीस वर्षे ब्लॉक डायग्राम शिकवला. प्रत्येक कामाला एक ठोकळा. एका कामातून दुसऱ्याकडे काय जाते, ते दाखवायला बाण. ठोकळ्याच्या आत काय चालते, ते काढायचे नाही. यंत्र अडले की ठोकळ्यामागून ठोकळा तपासत जावे, बिघाड सापडतो. परक्या माणसालाही सारी व्यवस्था एका कागदावर कळते. हा त्याचा उपयोग. मर्यादाही तीच: जे काढले नाही, ते पाहणाऱ्याच्या लेखी नसते.

चार वर्षांपूर्वी विणकर संस्थेने प्रत्येक घराकडून अशी आकृती मागवली. ठोकळ्याखाली काम करणाऱ्याचे नाव, आणि त्यावरून ओळखपत्र. जागेश्वरने ते काम मला सांगितले. मी सूत रंगवणे, ताणा लावणे, विणणे आणि विक्री असे चार ठोकळे काढले. चारही ठोकळ्यांखाली एकाच पुरुषाचे, जागेश्वरचे, नाव होते.

तीस वर्षांत तू माझ्यासमोर बोलली नव्हतीस. त्या दिवशी दाराआडून विचारलेस, "मी दिवसभर कांड्या भरतो, सुताले खळ लावतो. यात मी कुठं आहो, जी?"

कांड्यांवर सूत भरणे हा विणण्याचाच अंतर्भाग आहे, असे मी उत्तर दिले. तू आत निघून गेलीस.

जागेश्वर गेल्यावर संस्थेने आपला हातमाग खोलून नेला, कारण तो ओळखपत्र असलेल्यालाच मिळतो. माणसे लाकडे उचलत असताना तू ओसरीवर उभी होतीस, आणि मी तुला नियम वाचून दाखवत होतो.

विणण्याची व्याख्या ताणल्याची ती चूक होती, असे मी आजवर मानत आलो. तसे मानणे सोयीचे होते. वास्तविक कच्च्या कागदावर पाचवा ठोकळा मी काढला होता. त्याखाली तुझे नाव लिहिले होते. मग दोन्ही पुसले. आपल्या घरच्या सुनेचे नाव कामकरीण म्हणून संस्थेच्या फलकावर लागावे, हे मला रुचले नाही. व्याख्या मी नंतर शोधली.

संस्थेत सध्या फेरतपासणी चालू आहे. सोमवारी मी हे सर्व लेखी दिले. कारकून नीलेशने ते वाचले आणि म्हणाला, "गुरुजी, हे तं साऱ्या मोहल्ल्याले मालूम होतं. तुम्हालेच लिवाले इतके दिस कायले लागले?"

माग अजून गोदामात आहे. वीस तारखेपर्यंत तू स्वतः येऊन अर्जावर सही करावीस, अशी अट आहे. माग मिळेलच, असे मी म्हणत नाही. तू न येणेही न्याय्य ठरेल. आलीस, तर आमच्याकडे उतरण्याचे बंधन मानू नकोस. मी रोज अकरापासून कार्यालयात बसेन. कोणी विचारले, तर तुझ्यासमोर उत्तर देईन.

सारे आधीपासून ठाऊक असलेला,
आनंदराव